पेटी बोलली होती

गिरगावातल्या एका इमारतीच्या गच्चीवर अँटेना बसवून मी खाली उतरत होते, तर दुसऱ्या मजल्यावरचे आजोबा दारात उभे. म्हणाले, "बाई, वर काय लावलंत ते? सकाळपासून माझा गुडघा ठणकतोय."

मी म्हटलं, "आजोबा, नुसती उभी केलीय. अजून वीजच दिलेली नाही तिला."

आजोबांनी जरा विचार केला. "वीज न देता हे. मग दिल्यावर काय होईल?"

त्यांच्या गुडघ्याचा आणि माझ्या अँटेनाचा संबंध नाही हे मी तीन-तीनदा समजावलं. शेवटी अँटेना चार हात पलीकडे सरकवली, तेव्हा कुठे त्यांना बरं वाटलं. पुढे कधी भेटले की म्हणायचे, "गुडघा झकास आहे हो." मीही म्हणायची, "मग! काम कोणाचं आहे?"

तर अशी माणसं. दिवाळी अंकासाठी काहीतरी लिहा म्हणून आमच्या शेजारच्या संपादकबाई मागे लागल्या, तेव्हा मला वाटलं होतं असे चार-पाच किस्से सांगावेत, लोकांनी हसावं, झालं. तसं लिहायलाही बसले. पण दुसऱ्या पानापाशी पेन अडलं. एक गोष्ट सांगितल्याशिवाय बाकीच्या सांगवेनात. म्हणून तीच सांगते.

आधी माझं काम काय ते सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. पाण्याच्या टाक्या, पंपाच्या खोल्या, लिफ्टची मशीनरूम, शीतगृहं, अशा जागी माणूस काही चोवीस तास बसून राहत नाही. मग तिथं बिघडलं तर कळणार कसं? म्हणून तिथं एक पेटी बसवतात. आपल्या मिसळणाच्या डब्याएवढी असते. आत मोबाइलसारखं सिमकार्ड. टाकी वाहायला लागली, थंडी कमी झाली, वीज गेली, की ती पेटी मालकाच्या फोनवर मेसेज टाकते. बस्स, एवढंच.

मी पार्टीला समजावताना म्हणायची, पेटीला तीन गोष्टी लागतात. कान, तोंड आणि जेवण. कान म्हणजे टाकीतून, थंडी मोजणाऱ्या कांडीतून तिच्याकडे येणाऱ्या वायरी. तोंड म्हणजे अँटेना. ती लोखंडी पॅनलच्या आत ठेवायची नाही, कपाटात डोकं घालून बोललं तर ऐकणार कोण? आणि जेवण म्हणजे वीज. लोक कान आणि तोंड बघतात, जेवणाचा विचार कोणी करत नाही. प्रभादेवीला एका सोसायटीत पेटी दर दुपारी गप्प व्हायची. सिम बदललं, अँटेना बदलली, काही उपयोग नाही. शेवटी एक दिवस डबा घेऊन तिथंच जाऊन बसले. बरोबर दोन वाजता वॉचमन आला, पेटीचा प्लग उपटला, स्वतःचा मोबाइल चार्जिंगला लावला आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "आंटी, आप भी लगाओगे क्या?"

तेव्हापासून मी प्लगवर पेटी कधी लावली नाही. तिला स्वतःचा वेगळा छोटा स्विच द्यायचा, तोही पॅनलच्या आत. घरातली वीज थेट दिली तर पेटी जळून जाईल, म्हणून मधे चोवीस व्होल्टचा सप्लाय बसवायचा. प्लस-मायनस दोनदा तपासायचं. आणि सप्लायला बॅटरी जोडायची, हे सगळ्यात महत्त्वाचं. कारण पेटीने द्यायची सगळ्यात मोठी बातमी कोणती? वीज गेली, ही. वीज गेल्याबरोबर पेटीच उपाशी मेली तर बातमी देणार कोण? नव्या बॅटरीची एक लाल वायर सुटी असते, टोकाला प्लास्टिकची टोपी घातलेली. वाटेत बॅटरी उतरू नये म्हणून. बसवल्यावर टोपी काढायची आणि ती वायर जोडायची. अर्ध्या मिनिटाचं काम.

मी हे कॉलेजात जाऊन शिकले नाही. लालबागला आमच्या ह्यांचा पॅनल बनवायचा गाळा होता. मी दुपारी डबा घेऊन जायची. वायरींच्या टोकाला नंबरांचे बारीक मणी ओवावे लागतात, म्हणजे कुठली वायर कुठली ते कळतं. ते काम मला गजरा ओवण्यासारखं वाटायचं, म्हणून मी ते करायला लागले. मणी ओवता ओवता वायर कुठून निघते आणि कुठं जाते ते विचारायला लागले. हे गेले तेव्हा तीन पॅनल अर्धवट होते. ते पुरे करून दिले आणि मग गाळा चालूच राहिला. पेट्या आल्या त्या नंतर. त्यांची इंग्रजी पुस्तकं मी चित्रं बघून वाचली.

ह्यांचा एक नियम होता. काम झालं की मेन, म्हणजे सगळ्या जागेचा मुख्य स्विच, बंद करून बघायचं. सगळं चालू असताना सगळंच चांगलं चालतं. बंद करून बघ, मग खरं काम कळतं, असं म्हणायचे. मीही तो नियम कधी मोडला नाही. एकदा सोडून.

डिलाईल रोडजवळच्या एका इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये एका शेठचं औषधांचं छोटं शीतगृह होतं. इन्सुलिन, लसी, असा थंडीत ठेवायचा माल. तिथं देखरेखीला तात्या होते. मूळ कणकवलीकडचे, तरुणपणी गिरणीत मेंटेनन्सला, गिरणी बंद पडल्यावर इथं लागले, त्याला वीसेक वर्षं झाली होती. वयाने माझ्याहून दहा वर्षांनी मोठे, पण ह्यांना ओळखायचे म्हणून मला वहिनी म्हणायचे. त्यांच्या तोंडी ते 'वयनी' व्हायचं. सुट्टीच्या दिवशीही ते तिथंच, स्टुलावर बसून थंडीचा काटा बघत. तो त्रास नको म्हणून शेठने पेटी घ्यायची ठरवली.

मी ड्रिल घेऊन आत शिरले तर तात्या कमरेवर हात ठेवून उभे. "वयनी, ह्यो तुमचो डबो माझी नोकरी खातलो काय?"

"नाही हो तात्या. तुम्हाला सुट्टी मिळावी म्हणून आणलाय."

"सुट्टी घेऊन करू काय? घरी नातवाचं कार्टून बघू?"

दिवसभर ते माझ्यामागे. स्टूल धर, वायर खेच, स्क्रू पडला तर उचलून दे. मला म्हणाले, "एक सांगून ठेवतो. खंडेनवमीला मी मेन बंद करतो. तासभर. पॅनल पुसतो, हळद-कुंकू, हार, नारळ, मग मेन उचलून चालू करतो. गिरणीपासूनची सवय आहे, मशीनला तेवढी विश्रांती द्यायचीच. तेव्हा तुमचा डबा बोंबलेल ना?"

"बोंबलेल तर! शेठला आणि मला, दोघांना मेसेज जाईल, वीज गेली म्हणून."

"वीज गेल्यावर बोंबलेल कसा?"

बघा, शंका बरोबर त्यांना आली. मी मोठ्या ऐटीत म्हटलं, "बॅटरी आहे तात्या. आम्ही काय आजपासून काम करतोय?"

संध्याकाळी पेटी लागली. थंडी दाखवायला लागली, हिरवा दिवा लागला, शेठच्या फोनवर पहिला मेसेज गेला. मी मेन बंद करायला हात पुढे केला तर शेठ धावत आले. "भाभी, आत्ता नको. नवीन माल आत्ताच आत गेलाय, थंडी धरू दे. प्लीज." मी म्हटलं, ठीक आहे, आठवड्यात येऊन बघून जाते.

तो आठवडा आलाच नाही. दादरला एक मोठं काम निघालं, मग शीवला. शीतगृहातून तक्रार नव्हती. तक्रार नसली की माणूस जात नाही.

खंडेनवमी शुक्रवारी होती. माझ्या गाळ्यातही पूजा होती. मी आणि माझ्याकडच्या दोघी मुली, पक्कड, टेस्टर, ड्रिल सगळं पाटावर मांडून कुंकू लावत होतो. तेवढ्यात फोन वाजला. मेसेज होता, तात्यांच्या शीतगृहाची पेटी 'सिस्टिम स्टार्ट' म्हणते. म्हणजे पेटी चालू झाली. मला वाटलं, तात्यांनी पूजा करून मेन उचलला. छान. फोन खाली ठेवला आणि पेढे वाटायला लागले.

मी त्या मेसेजकडे अर्धा मिनिट नीट बघितलं असतं तर पुढचं काही झालं नसतं. ज्या पेटीला बॅटरी जोडलेली आहे ती वीज गेल्यावर मरत नाही, मग ती नव्याने चालू होईलच कशी? तिने आधी सांगायला हवं होतं, वीज गेली. मग सांगायला हवं होतं, वीज आली. ते दोन्ही नाही, थेट 'स्टार्ट'. याचा अर्थ तासभर ती मेली होती. याचा अर्थ तिच्या बॅटरीची लाल वायर जोडलेलीच नाही. तीस वर्षं या कामात घालवलेल्या बाईला हे कळायला हवं होतं. पेटी तिच्या परीने सांगत होती. मी पेढे वाटत होते.

शनिवारी दसरा, रविवारी सुट्टी. सोमवारी सकाळी तात्यांचा फोन. आवाज ओळखू येईना. "वयनी, लवकर येवा. सगळा काळोख."

लालबागहून मी टॅक्सीने पोचले. शेठ अजून यायचे होते. तात्या आत शीतगृहात होते, खोक्यांवर एकेक हात ठेवत, आजारी माणसाचं अंग बघावं तसे. दार उघडल्या उघडल्या माल बघायला धावले होते, पॅनलकडे गेलेच नव्हते. पॅनल बाहेर पॅसेजमध्ये. मी टॉर्च मारला.

आता हे नीट सांगते, कारण सगळं इथंच आहे. मोठ्या मेनचा खटका असतो. चालू असला की वर, हाताने बंद केला की पार खाली. पण लोड जास्त झाला, आत कुठे सैल पडलं, काही बिघडलं, आणि मेन आपला आपण ट्रिप झाला, तर तो खटका मधे येऊन थांबतो. वर नाही, खाली नाही. मधे. म्हणजे खटका बघितला की कळतं, माणसाने बंद केला की आपण होऊन पडला.

खटका मधे होता.

म्हणजे तात्यांनी शुक्रवारी मेन उचलला होता. नंतर कधीतरी तो आपण होऊन पडला. जुनाच होता, आतली एक वायर सैल होऊन तापत होती, ते नंतर मला दिसलं.

असा मधे आलेला खटका पुन्हा चालू करायचा तर आधी पार खाली ओढावा लागतो, मग वर. मी तेच केलं. सवयीनेच केलं, आधी वीज आणायची. दिवे लागले, कॉम्प्रेसर गुरगुरायला लागला. आणि खटका मधे होता याची खूण माझ्याच हाताने पुसली गेली. तो विचार त्या वेळी मनात नव्हता, हे मी शपथेवर सांगेन. पुढच्या विचाराबद्दल शपथ घेणार नाही.

मग पेटीचं झाकण उघडलं. वीज गेल्यावर हिने मेसेज का नाही टाकला? लाल वायर. टोकाला प्लास्टिकची टोपी. जशी दुकानातून आली तशी.

मी वळून बघितलं. पॅसेजमध्ये कोणी नव्हतं. मी टोपी काढली, वायर जोडली, झाकण लावलं. टोपी पर्समध्ये टाकली.

शेठ आले ते आत जाऊन, माल बघून, तोंड पांढरंफटक घेऊन बाहेर. "भाभी, मेन बंद था?"

मी म्हटलं, "हो, बंद होता."

खोटं काय होतं त्यात? बंदच होता. पण मी एवढंच बोलले.

शेठ तात्यांकडे वळले. "तात्या, पूजा के बाद मेन डाला नहीं?"

"उचलला ना शेठ. माझ्या हाताने."

"मग बंद कसा?"

"माका काय ठावक? पण मिया उचललंय. नारळ फोडला, आरती केली, मेन उचलला, काटा बघितला, मग घरी गेलो."

"और ये बॉक्स? याने मेसेज का नाही दिला?"

ते माझ्याकडे बघत होते. मी म्हटलं, "या कोपऱ्यात कधी कधी रेंज जाते."

तात्या माझ्याकडे बघायला लागले. त्यांना वाटत होतं, वहिनींना यातलं कळतं, वहिनी काहीतरी बोलतील. मी पर्सची चेन लावत होते.

सगळा माल फेकावा लागला. शेठ वाईट माणूस नव्हते, आरडाओरडा केला नाही. तात्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "वय झालं तात्या. होतं असं. आता घरी आराम करा." ओरडले असते तर बरं झालं असतं. तात्या भांडले तरी असते.

संध्याकाळी घरी मी फोन काढून तो शुक्रवारचा मेसेज बघितला. 'सिस्टिम स्टार्ट', वेळ सकाळी अकरा वाजून काही मिनिटं. पूजा झाल्यावर मेन उचलला गेल्याचा याहून पक्का पुरावा नव्हता. शेठच्या फोनवरही तो असणार, पण त्यांच्यासाठी तो नुसता इंग्रजी मेसेज. अर्थ मला एकटीला लागत होता. आणि तो मेसेज दाखवला की पुढचा प्रश्न आलाच असता, पेटी बंद का पडली होती? तिला बॅटरी होती ना?

मी का गप्प बसले? कारणं पुष्कळ आहेत, ती मी स्वतःला रोज सांगायची. आमचं काम तोंडोतोंडी चालतं. एका शेठने दहा जणांना सांगितलं की संपलं. बाई पॅनल बनवते म्हटल्यावर लोक आधीच दोनदा विचारतात. दोघी मुली माझ्या भरवशावर. सगळं खरं आहे. पण तात्याही कोणाच्यातरी भरवशावर होतेच की. माझ्या. पेटी बोलली होती, मी बोलले नाही.

पुढची खंडेनवमी आली. गाळ्यात पाटावर अवजारं मांडली, कुंकवाची वाटी हातात घेतली आणि हात पुढे जाईना. मुली म्हणाल्या, "मावशी, चक्कर येते का?" मी म्हटलं, तुम्हीच लावा. दसरा झाल्यावर तात्यांचं घर शोधत निघाले.

डिलाईल रोडच्या त्यांच्या चाळीत तिसऱ्या मजल्यावर खोली. दार सुनेने उघडलं. तात्या खिडकीशी बसले होते. बारीक झाले होते. "वयनी! येवा, येवा." सून चहा टाकायला आत गेली, तर ते उठून म्हणाले, मी टाकतो. ती लगेच, "नको बाबा, गॅस राहील चालू." आणि मला हळूच म्हणाली, "हल्ली भरवसा नाही ना. ते औषधांचं झालं तेव्हापासून. चाळीच्या पंपाची किल्लीसुद्धा यांच्याकडून काढून घेतली लोकांनी. पंधरा वर्षं हेच पाणी सोडायचे. आता ती किल्ली आमच्या ह्यांच्याकडे असते."

तात्या ऐकत होते. हसल्यासारखं करून मला म्हणाले, "विसरतो मी. सगळे म्हणतात म्हणजे विसरत असेन."

ते ऐकून मी बसले होते तिथून सरळ सांगायला सुरुवात केली. खटका मधे होता, तिथून.

तात्यांनी मधे एकदाही थांबवलं नाही. संपल्यावर म्हणाले, "खटको मधी होतो?"

"मधे होता."

"बरोबर मधी?"

"बरोबर मधे, तात्या. मी टॉर्चने बघितला."

ते बराच वेळ स्वतःच्या उजव्या हाताकडे बघत राहिले. मग मला म्हणाले, आणि पहिल्यांदाच एकेरीवर आले, "तिथं का नाय बोललंस?"

"घाबरले."

"मिया पण घाबरललंय," ते म्हणाले. "पण खरां बोललंय."

चहा आला, तो कोणी घेतला नाही. मग तात्या म्हणाले, "माका सांगून काय उपयोग? माका ठावक होतां. वर्षभर माझ्याच डोक्यात शंका घातलीस ती. जा, शेठला सांग. आणि माझ्या पोराला, संज्याला लिहून दे. सही करून."

गिरणीतला माणूस. तोंडच्या शब्दाचं काय होतं ते त्यांनी आयुष्यभर बघितलंय.

शेठना फोन केला. त्यांनी ते शीतगृह कधीच बंद करून भिवंडीला नेलं होतं. माझं सगळं ऐकून म्हणाले, "अरे भाभी, छोडो ना. वो तो हो गया." मग थोडं थांबून, "वो बुढ्ढे का नाम क्या था? तात्या ना? बोलो उसको, शेठ ने याद किया." बस. ज्या गोष्टीसाठी मी वर्षभर जीव मुठीत धरून होते ती त्यांच्यालेखी एवढी होती. मी त्यांच्या तोंडून काय ऐकायला घाबरत होते कोण जाणे.

मग कागद लिहायला बसले. गाळ्याच्या लेटरहेडवर. तीनदा फाडला. चौथ्यांदा जमला. रविवारी घेऊन गेले. संजय घरी होता, तात्यांचा मुलगा, बँकेत आहे. मी आधी त्याला फोनवरचा मेसेज दाखवला. तारीख, वेळ. मेन उचलला नसता तर हा मेसेज येऊच शकत नाही, हे समजावलं. तो मेसेजकडे बघतच राहिला. "काकी, मी यांना वर्षभर काय काय बोललो माहितीय? परवा तर पोराला म्हणालो, आजोबांबरोबर रस्ता क्रॉस करू नको."

"वाच," तात्या म्हणाले. "कागद वाच. मोठ्याने."

संजयने वाचला. शुक्रवारी मेन तात्यांनी उचलला होता. सोमवारी मी पोचले तेव्हा खटका मधल्या जागी होता, म्हणजे मेन आपण होऊन ट्रिप झाला होता. ही गोष्ट मी त्या वेळी सांगितली नाही याचा मला खेद आहे. खाली सही.

तात्या डोळे मिटून ऐकत होते. संपल्यावर डोळे न उघडता म्हणाले, "आणि डबो का नाय बोंबललो?"

मी संजयच्या हातातल्या कागदाकडे बघितलं.

"मी तुला विचारललंय, वीज गेल्यावर बोंबलेल कसा. तू म्हणाललंस बॅटरी आहे. आजपासून काम करतो काय, म्हणाललंस. मग?"

चार वेळा लिहिलेल्या कागदात लाल वायरीचं एक अक्षर नव्हतं. मी ते लपवलं असंही नाही हो. लिहिताना माझा हात तिथं पोचलाच नाही, त्याने आपला आपण वळसा घातला. त्यांनी विचारलं नसतं तर मी किती वर्षं तसाच वळसा घालत राहिले असते, मला माहीत नाही. खेद आहे म्हणून मोकळी झाले होते, आणि खेद कशाचा तेच गिळून.

मी सांगितलं. टोपी, लाल वायर, पॅसेजमध्ये कोणी नसताना मी ती जोडली ते, आणि रेंज नाही म्हणाले ते. सून दारात येऊन उभी राहिली होती. संजय काहीतरी बोलायला लागला, तात्यांनी हाताने थांबवलं.

"लिही," म्हणाले.

संजयने पेन दिलं. मी त्याच कागदाच्या मागच्या बाजूला लिहिलं. बॅटरीची वायर मी जोडली नव्हती. मेन बंद करून तपासणी केली नव्हती. त्यामुळे पेटीचा मेसेज गेला नाही आणि माल खराब झाला. चूक माझी आहे, तात्यांची नाही. पुन्हा सही केली.

"तारीख घाल."

तारीख घातली.

त्यांनी कागद घेतला, चष्मा लावून दोन्ही बाजू वाचल्या, सावकाश, ओळीवर बोट ठेवून. मला वाटलं आता काहीतरी म्हणतील. रागावतील, नाहीतर, मनातलं सांगते, माफ केलं म्हणतील. माणूस किती लोभी असतो. त्यांनी कागद घडी करून सुनेकडे दिला आणि घड्याळ बघितलं. पाचला दहा मिनिटं कमी होती, चाळीच्या पाण्याची वेळ. संजयपुढे हात केला.

"किल्ली."

संजयने खिशातून काढून त्यांच्या हातावर ठेवली. तात्यांनी पायात चपला सरकवल्या आणि कठडा धरून जिना उतरायला लागले. मी त्यांच्या मागून. दुसऱ्या मजल्यावरची एक बाई बादली घेऊन उभी होती, म्हणाली, "आज तात्या होय?" त्यांनी मान हलवली.

खाली पंपाच्या खोलीचं कुलूप त्यांनी उघडलं, आत गेले. पंप चालू झाल्याचा आवाज आला, पाठोपाठ वर कुठेतरी नळ फुसफुसले. ते दाराकडे पाठ करून पंपाच्या काट्यासमोर उभे राहिले, कमरेवर हात ठेवून. मी पायरीवर थांबले. पाच मिनिटं थांबले असेन. त्यांनी मागे वळून बघितलं नाही, आणि मला हाक मारायचं धाडस झालं नाही.